सोळा इंचांवरची भोकं

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार.

तू, वहिनी आणि तुमची लेक मजेत असाल. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. बाबांना आता कमी ऐकू येतं, पण त्यांच्याविषयी कोणी बोललं तर भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. आई काठी घेऊन का होईना, घरभर फिरते. माझी नोकरी तीच, घरांचे आराखडे कॉम्प्युटरवर काढण्याची.

पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. मी तीनदा फोन केला तेव्हा कुठे तिने दिला. तुला फोन करणार होते, पण तू तो ठेवून दिला असतास. पत्र फाडण्याआधी माणूस निदान दोन ओळी वाचतो.

तर कारण असं की, आपलं छप्पर गळतंय. नवीन घालायचं म्हटल्यावर परवानगीच्या कार्यालयाने सगळ्या घराचा नकाशा मागितला. पाया, छप्पर, आतलं एकूण एक लाकूड. बाबांसारख्या सुताराने स्वतःच्या हाताने बांधलेलं घर, त्यामुळे कागदाच्या नावाने शून्य. मी म्हटलं, मीच करते. रोज लोकांची घरं काढते, एकदा आपलं काढू. आणि काढतेच आहे तर मागच्या दाराबाहेरचा डेक, तो लाकडी ओटाही पुन्हा बांधून टाकू, म्हणजे आईला उन्हात बसता येईल. डेक पडल्यापासून मागच्या दारावर आडवी फळी ठोकलेली आहे. सोळा वर्षांत ते दार कोणी उघडलेलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये छपराचा उतार सांगितला की वासे आपोआप पडतात, एका ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे. बाबांचं छप्पर तसं नाही. जिथे जे लाकूड मिळालं ते तिथे लावलेलं. म्हणून मी ते आपोआपचं बंद केलं आणि एकेक लाकूड मोजून काढायचं ठरवलं. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी टेप आणि वही घेऊन माळ्यावर गेले. आढ्याखाली पाच टेकू आहेत. चार सारखे, चौकोनी. पाचवा म्हणजे एक रुंद जुनी फळी, वरून कापून उभी केलेली. मी वहीत लिहिलं, ‘टेकू पाच. रुंदी साडेनऊ. भोकं पाच, एक वर एक खाली, सोळा इंचांवर.’ लिहिलं आणि खाली येऊन जेवले. मला काहीच वाटलं नाही, दादा. याचंच आता सगळ्यात नवल वाटतं.

बुधवारी ऑफिसात डेक काढायला घेतला. आधी पाया झाला, मग खांब, मग डेक घराच्या भिंतीला जोडला. जोडला की सॉफ्टवेअर भिंतीवर एक लांब फळी बसवतं. डेकचं निम्मं वजन तिच्यावर येतं, हे तुला मी काय सांगायचं. मग ते बोल्ट विचारतं. मी आमच्या नेहमीच्या पद्धतीने भरलं. सोळा इंचांवर, एक वर एक खाली.

भिंत बाजूला करून नुसती फळी फिरवून पाहिली. पडद्यावर फळी, फळीला भोकं. कीबोर्डशेजारी वही उघडी होती.

मी माउस सोडून वही पडद्याशेजारी धरली. शेजारच्या टेबलावरचे आमचे जुने ड्राफ्ट्समन काका म्हणाले, “काय झालं, फाइल उडाली का?” मी हो म्हटलं. ते बिचारे उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि कपडेही न बदलता माळ्यावर चढले. या वेळी टॉर्च लावून पाहिलं. प्रत्येक भोकाभोवती गंजाचं गोल वळं आहे, वायसरएवढं. तिथे लाकूड दबलंय. म्हणजे बोल्ट नुसते घातले नव्हते, पान्याने आवळले होते आणि बरेच महिने तसेच होते. फळीच्या पाठीला आपल्या भिंतीचा तो हिरवा रंग चिकटलाय, आईने हट्टाने निवडलेला. कडेला सुताराच्या पेन्सिलीने लिहिलंय, ‘वरची बाजू’, आणि बाण. अक्षर तुझं आहे. ‘ज’ला शेपटी काढायची तुझी खोड मी विसरलेले नाही. आणि त्या भोकांच्या मधेच कुठेकुठे खिळ्यांची छोटी भोकं. त्यातली दोन फाटून लांब झाली आहेत.

दादा, तू बोल्ट लावले होतेस.

मी त्या माळ्यावर किती वेळ बसले ते माहीत नाही. खालून आईने दोनदा हाक मारली, तेव्हा उतरले.

बाबा अंगणात पटाशीला धार लावत होते. आता काम नसलं तरी धार लावतात. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, माळ्यावरचा पाचवा टेकू कुठल्या फळीचा आहे. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं नाही, नुसती वही त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली. पटाशी खाली ठेवली. चष्मा काढून वहीवर ठेवला.

मग ते बोलले. फळीमागून भिंतीत ओल येत होती. मागे पत्रा सरकवायचा म्हणून डेक पडला त्या सकाळी त्यांनी सगळे बोल्ट काढले. तेवढ्यात एका घरमालकाचं बोलावणं आलं, त्याच्या जिन्याचं काम अडलं होतं. बाबांनी फळीला चार-पाच खिळे मारले, तासाभरात परत येतो म्हणून गेले. आईला सांगायचं राहून गेलं. दुपारी आई धुणं वाळत घालायला बाहेर गेली. पुढचं तुला माहीत आहे.

“मी आलो तेव्हा ती खाली पडलेली, चारचौघे जमलेले, आमचा ठेकेदारही आलेला. त्याने विचारलं, नुसत्या खिळ्यांवर हे केलं कोणी. माझ्या तोंडातून तुझ्या दादाचं नाव गेलं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं होतं. धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी तो घर सोडून गेला.”

मी विचारलं, मग फळी का ठेवलीत, जाळली का नाही. म्हणाले, चांगलं लाकूड होतं. आणि पटाशी पुन्हा उचलत, “जाळवली नाही.”

इथपर्यंत लिहिलं आणि उठून खोलीत येरझारा घालून आले. कारण इथपर्यंत हे पत्र बाबांचं होतं. आता माझं.

त्या संध्याकाळी अंगणात बाबांनी मला पुढे ओढलं होतं. “तू पाहिलंस ना, खिळे मारताना?” मी तेरा वर्षांची. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. तू डेक बांधलास त्या सकाळी शाळेत जाताना मी तुला भिंतीवर खिळे मारताना खरंच पाहिलं होतं. तू तेव्हा बाबांकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, “ते फळी धरून ठेवायचे खिळे होते. बोल्ट नंतर लावले. तू शाळेत गेली होतीस.” कोणी ऐकलं नाही, ढिगाऱ्याखालची फळीही कोणी उपसून पाहिली नाही. बाप सांगतोय, सख्खी बहीण साक्ष देतेय, मग राहिलं काय? ठेकेदाराने तिथल्या तिथे तुला कामावरून काढलं. ज्याला आईच्या पायाखालची लाकडं नीट लावता येत नाहीत तो लोकांची घरं काय बांधणार, हे वाक्य त्याने गावभर फिरवलं. वहिनी म्हणते, तू गोदामात माल मोजतोस आणि मुलीला साधं स्टूलही करून दिलं नाहीस, हातोडी घरात ठेवत नाहीस.

आणि हेही ऐक. मी सात वर्षं या कामात आहे. पहिल्याच महिन्यात शिकवतात, की भिंतीकडची फळी आधी खिळ्यांवर तात्पुरती धरायची, पातळी बघायची, मग बोल्ट. ते ऐकलं तेव्हा मला तुझं ते वाक्य आठवलं. म्हणजे तू म्हणालास ते निदान शक्य होतं, हे मला सात वर्षांपूर्वी कळलं. मी काय केलं? काही नाही. आईचं दुखणं आत्ताच कुठे बरं होतंय, बाबा थकलेत, जुनी मढी कशाला उकरायची, असं स्वतःला सांगत राहिले. बाबांनी तीन दिवस धीर केला नाही म्हणून मी त्यांच्यावर डोळे वटारते, आणि माझी सात वर्षं.

पाकीट मिळालं की टाकते.

शनिवार, १६ मार्च

पाकीट त्याच दिवशी मिळालं होतं. टाकवलं नाही. पण तेवढ्यात जे झालं तेही तुला कळायला हवं.

बुधवारी आईला सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकेपर्यंत घड्या घालत राहिली. मग म्हणाली, मला दाखव. मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला, घर फिरवलं, भिंत काढली, माळ्यावरची फळी जवळ आणली. ती एकेक भोक बोटाने मोजत गेली, पडद्याला बोटांचे डाग पडले.

“म्हणजे तो खरं बोलत होता,” ती म्हणाली. “आणि मी त्याची लग्नपत्रिका न उघडता परत पाठवली.”

एवढंच. रडली नाही. माझीच भीती वाढली. तेव्हापासून ती माझ्या खोलीत झोपते. बाबांचं ताट वाढते, त्यांच्यासमोर ठेवते, आणि काठी टेकत निघून जाते. एका शब्दाने बोलत नाही.

काल सकाळी बाबा धुतलेला शर्ट घालून बाहेर निघाले. कुठे, ते सांगेनात, म्हणून मी मागे गेले. ते सरळ ठेकेदाराच्या वखारीत गेले. ठेकेदार आता म्हातारा झालाय, मुलगा सगळं बघतो, पण बसलेला होता. दहा-बारा सुतार कामावर होते. यंत्राचा आवाज चालू होता. बाबांनी हाताने खूण करून यंत्र बंद करायला लावलं.

त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून फार मोठ्याने बोलले. “माझ्या मुलाने डेक बरोबर बांधला होता. बोल्ट मी काढले. नाव त्याचं घेतलं. बायकोचा पाय माझ्यामुळे अधू झाला.”

ठेकेदाराने उठून त्यांना खुर्ची दिली, बाबा बसले नाहीत. ठेकेदार फक्त इतकंच म्हणाला की हे ऐकायला तो मुलगा इथे हवा होता. बाबा म्हणाले, “त्याच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही. म्हणून तुमच्याकडे आलो.”

परत येताना रस्त्याने माझा हात धरून चालले. हात हलका लागला, वाळलेल्या लाकडासारखा. मला त्यांची कीवही आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम कसं होतं, कळत नाही.

तू ये, असं मी लिहिणार नाही. तो हक्क आम्ही तिघांनीही गमावला. आईने एक निरोप सांगितलाय तो तसाच लिहिते: “त्याला विचार, मी त्याच्या घरी आले तर दार उघडेल का. नाही म्हणाला तरी चालेल, पण विचार.” ती प्रवासाला कशी निघेल ते मला माहीत नाही. पण तिने पिशवी भरून ठेवली आहे आणि मला उघडूही देत नाही.

उत्तर द्यायचं तर तिला दे. माझ्यासाठी काही लिहू नकोस, मी मागत नाही.

अर्धं पाहून पुरती साक्ष देणारी,
तुझी बहीण