अन्वर चाचांच्या हॉटेलातला रस्सा

धाड, १४ डिसेंबर २००८

प्रिय मित्र कामरान यास शेखरचा सलाम व नमस्कार (दोन्ही लिहिले, म्हणजे कोणाचं राहायला नको).

मुंबईत तुझी तब्येत व हॉटेलातली नोकरी ठीक असेल अशी आशा करतो. इकडे तुझे अब्बा, आमचे अन्वर चाचा, मजेत आहेत. ते समोरच बसले आहेत, म्हणून आधी त्यांचंच लिहितो.

कापसाचं बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा चाचांच्या टेम्पोला कापूस वाहून फुरसत नसायची. आता तेवढा कापूसच होत नाही, म्हणून टेम्पो विकून त्यांनी चायनीज सी फूडचं हॉटेल टाकलं, हे तुला ठाऊक आहेच. परवा बाजाराच्या दिवशी मी आईबाबांना तिथे घेऊन गेलो. (बाबा हॉटेलात जेवत नाहीत, पण अन्वरचं हॉटेल म्हणजे हॉटेल नव्हे, असं त्यांचं मत.) आईनं पिशवीत भाकरी घेतली होती. परक्या मुलखाचं जेवण, पोट भरतं की नाही, कोण जाणे.

झिंग्यांचं सूप आलं. बाबांनी त्यात भाकरी चुरली, ओरपली आणि ते वाटी पुढे करून म्हणाले, "अन्वर, रस्सा आण." आता आपल्याकडे रस्सा परत मागितला तर कोणी पैसे लावतं का? चाचांनी मुकाट्यानं आणला. ते पाहून शेजारच्या टेबलावरचे उत्तमराव म्हणाले, "काऊन बे अन्वर, आमाले नाही का?" मग सगळ्या हॉटेलानं वाट्या पुढे केल्या. आईची भाकरी सगळीकडे फिरली. नूडल्सचं नाव कोणी काढलं नाही. शेवटी तुझ्या अम्मी आतून म्हणाल्या, "पातेलं खाली झालं. आता काय समुद्र आणू?"

बाबा तृप्त होऊन म्हणाले, "अन्वर, आपल्या नदीची चव आहे लेका." मुंबईहून बर्फात आणलेल्या मालाला नदीची चव म्हटल्यावर चाचांचं तोंड उतरलं. पण खरं सांगू, मलाही डोहच आठवला. तू अम्मींची ओढणी चोरून आणायचास, आपण तिच्यात बोटाएवढे मासे धरायचो आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या निखाऱ्यावर भाजायचो (मीठ दरवेळी घरीच राहायचं). मग टेम्पोतल्या कापसावर उताणं पडून काटे थुंकायचो आणि चाचा पुढून म्हणायचे, "कापूस खराब झाला तं जिनिंगवाला मले धरीन, तुमाले नाही." आता त्या डोहात फवारणीचे पंप धुतात. मासे नाहीत.

चाचा सांगतात, लिही: धंदा जोरात आहे, गर्दी मावत नाही, नोकरी सोडून यायची काही गरज नाही. लिहिलं. गर्दी मावत नाही हे खरं आहे.

तुझा,
शेखर

ता. क. चाचा नमाजला गेले आहेत. गर्दी फक्त रश्श्यापुरती असते. चाचांचा उजवा खांदा धरला आहे. कढई हलवताना ते डावा हात लावतात आणि कोणी पाहिलं की काढून घेतात. तू ये. तुला हे काम येतं, इथे दुसऱ्या कोणाला येत नाही.

ता. क. दुसरा. चाचा परत आले. त्यांनी वरचं वाचलं. "खोड ते," म्हणाले. मी पेन उघडलं. मग म्हणाले, "राहू दे. पण लिही, येताना मोठी कढई आण. इथली लहान पडून राह्यली."

लिहिलं. कढई विसरलास तरी चालेल.