पंखा चालू असताना

२ मार्च, शिन्चू, तैवान

खाली पुन्हा वाटी फुटली. घरमालक लो आज गेममध्ये सहाव्यांदा मेला — गळा चिरून. दुपारभर तो पडद्यावर माणसं मारतो, रात्रपाळीला कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात जातो. मरण त्याला मान्य आहे. लॅपटॉपवरचं चित्र अडखळल्यामुळे आलेलं मरण मान्य नाही. "शत्रू दारातून आला अन् नेमका पडदा थिजला!" मग टेबलावर मूठ. मग आणखी कशावर तरी. टेबल कण्हत नाही, एवढं मला कळतं.

३ मार्च

सू-फेनबाई, लोची बायको, कारल्याचं सूप घेऊन वर आल्या. मनगटाला पट्टी. "कपाटाचं दार लागलं." दोन वर्षांत त्या कपाटाने बाईंना पाचदा मारलंय.

निघताना म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? त्याचा गेम न अडखळता चालेल असं काहीतरी करा. हरला की फार तापतो."

विहारातल्या भिक्षुणींना संस्कृत शिकवणाऱ्या माणसाकडून एवढीच एक सेवा घ्यायची राहिली होती. पण मनगट बघितलं. हो म्हणालो.

५ मार्च

लोच्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं — म्हणजे बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापुढे हाकललं. पन्नास मेगाहर्ट्झने वाढव, चाचणी लाव, पुन्हा पन्नास. दोनशेवर पडदाभर लाल चौकोन, गेम कोसळला. दीडशेवर मागे आणलं. सेकंदाला एकेचाळीस चित्रं यायची, आता अठ्ठावन्न. पंखा मात्र कापायला धरलेल्या डुकरासारखा किंचाळतो.

लोने तिथल्या तिथे तिघांची डोकी उडवली. "गुरुजी, तुमच्या त्या मेलेल्या भाषेपेक्षा हा धंदा बरा की!"

ताप सत्त्याऐंशी अंश. संताप शून्य.

१२ मार्च

आठवडाभर वाटी फुटली नाही. तो जिंकतो, पंख्याच्या वर आवाज चढवून गातो. बेसूर — पण गातो. मी कानात बोळे घालून पोथी वाचतो. यश म्हणतात ते हेच असावं.

१५ मार्च

लॅपटॉप भर दुपारी अठ्ठ्याण्णव अंशांवर जाऊन बंद पडला. पंखा थांबला. मग धप्प — आणि बाईंचा आवाज. खाली धावलो.

लोच्या हातात चार्जरची वायर, दुहेरी दुमडलेली. बाईंच्या कानामागून रक्त. "पडली," लो म्हणाला.

लॅपटॉपच्या मागच्या जाळीला हिरवी पुडी टेकवलेली. मक्याच्या गोड, कुरकुरीत खाऊची. इथे यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून ती त्याच्यावर ठेवतात. लोच्या कारखान्यात एकही यंत्र पुडीवाचून नाही. पण गरम हवा बाहेर पडायची वाट तीच!

"पुडी बाजूला ठेवा," मी म्हणालो. "यंत्र तापतं."

तेवढंच म्हणालो.

१७ मार्च

पुडी पुन्हा जाळीला. पुन्हा बंद. पुन्हा वायर — या वेळी बाईंच्या पाठीवर, माझ्यासमोर. मी मध्ये गेलो तर माझ्या चष्म्याची काच फुटली.

लो दमून बसल्यावर म्हटलं, "श्रद्धा टेबलावर ठेवा हो, जाळीला नको."

"मी कशाला ठेवू तिथे? वीस वर्षं कारखान्यात काढली मी. गाढव समजता का?"

१८ मार्च

मग कोण ठेवतं?

१९ मार्च, सकाळ

लो पाळीवरून येऊन झोपलाय. बाई माझ्या खुर्चीत बसल्या आहेत. ओठ फाटलेला.

"पुडी मी लावते, गुरुजी. तो जिंकला तरी मारतो. फक्त पंखा चालू असला की तुम्हाला वर ऐकू येत नाही."

एक-एक-तीन लावला, घरातल्या मारहाणीसाठी इथे हाच नंबर. फोनवरच्या बाईने विचारलं, काय झालंय. जन्मात पहिल्यांदा माझं वाक्य अलंकाराशिवाय निघालं —

"खाली एक माणूस बायकोला मारतो. मी दोन वर्षं ऐकतोय."