पागोट्याची झडती

बाबा, काल तुमचे ते जुने सोबती, कल्याणच्या शेठच्या दुकानात तुमच्या शेजारी उभे राहून कापड मापणारे, ठाण्याला नौपाड्यात माझ्या दुकानी आले, आणि तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाहीये. माझ्या दोन्ही गड्यांसमोर म्हणाले, "तुमच्या या मालकाने भर बाजारात पागोटं काढायला नकार दिला होता बरं! आणि याचा बाप? त्याने आम्हा सगळ्यांचा घात केला." मी काय केलं ठाऊक आहे? त्यांना पान दिलं.

त्या दुकानाचा राग मला अजून येतो आणि तो खरा आहे, हे आधी सांगतो. सकाळी फळ्या काढल्यापासून दिवेलागणीपर्यंत उभं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, बसलेला माणूस आळशी दिसतो म्हणे! भाकरी खायची तीही ताग्यांच्या मागे, उभ्याने, आणि हाक आली की तोंडातला घास तसाच गिळायचा. तुमच्या पायांच्या शिरा फुगलेल्या असायच्या, आई रोज तेल चोळायची. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे संध्याकाळची झडती. दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, प्रत्येकाने पागोटं काढून झटकून दाखवायचं, आत कापड लपवलेलं नाही म्हणून. समोर शेठचा मेहुणा पानाचा तोबरा भरून उभा. बोडक्या डोक्याने बाजारात, आपल्याच गाववाल्यांसमोर! मी पेटलो की तुम्ही म्हणायचात, "अरे, पागोटं काढल्याने डोकं जात नाही. नोकरी गेली की मात्र चूल विझते."

शेवटी दुकानातल्या आम्ही आठही नोकरांनी, तुम्ही-मी धरून, ठरवलं, उद्या कुणीच काढायचं नाही. सगळ्यात मोठा आवाज माझाच. तुम्हीही "बरं" म्हणालात, आणि तुम्ही सगळ्यांत जुने, म्हणून इतरांना धीर आला. दुसऱ्या दिवशी आम्ही पायरीवर उभे आहोत. मेहुणा माझ्याकडे बोट करतो, "चल, काढ." मी म्हणतो, "नाही काढत." तो माझ्या डोक्याकडे हात नेतो आणि तेवढ्यात तुम्ही मध्ये येता. एकदा माझ्या डोक्याकडे बघता, मग स्वतःचं पागोटं काढता, सगळं उलगडता, झटकता, पुन्हा पुन्हा झटकता. "माझं बघा, मालक. वीस वर्षं बघताय, आजही बघा. पोराचं डोकं फिरलंय, त्याला जाऊ द्या." सगळा बाजार तुमच्या टकलाकडे बघत होता. त्या गोंधळात मी पायऱ्या उतरून चालता झालो. मागे एकेकाने मान खाली घालून पागोटं काढलं.

त्या दिवसापासून मी शूर झालो आणि तुम्ही शेठचे कुत्रे. आपल्या घरी कुणी पाणी प्यायला येईना. तुम्ही मरेपर्यंत त्याच पायरीवर पागोटं झटकत राहिलात, आणि मीही तुमच्याशी धड बोललो नाही. लोकांना वाटलं, रागाने बोलत नाही. मी ठाण्याला निघालो तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "स्वतःचं दुकान काढलंस तर कुणाच्या डोक्याला हात लावू नकोस." नाही लावत. माझे गडी बसतात, बसून जेवतात, आणि संध्याकाळी सरळ घरी जातात.

पण ऐका. कुणीच पागोटं काढणार नाही, म्हणजे झडती होणारच नाही असं धरून चाललेलो मी, म्हणून त्या दुपारी एक हिरवा खण पागोट्यात खोचला होता. आईच्या चोळीला ठिगळं होती, दुसरं काही नाही. घरी आणला, पण तिला द्यायची हिंमत झाली नाही. ती गेली, तुम्ही गेलात, खण अजून माझ्या पेटीत आहे, घडीही न मोडलेला. त्याची कड बाहेर दिसत होती का, बाबा? माझ्या डोक्याकडे बघितलंत ते काय बघितलंत?

हा कागद त्याच घडीत ठेवतो. खरं तर तो पायरीवरच्या त्या म्हाताऱ्या सोबत्यांना जाऊन वाचून दाखवायला हवा. कल्याण काही लांब नाही, आगगाडीने थोडक्या वेळाचं काम. मी जाणार नाही.