भाताच्या नावांची वही

मी गेनू भिमा सोनवणे, वय एकसष्ट, धर्म बौद्ध, निवृत्त कंपाउंडर, राहणार उत्रोली, तालुका भोर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन वाद घालावा.

कलम १. उत्रोलीचे दोन खणांचे घर व परसातला फणस सावळाराम शिळीमकर यांस द्यावा. एकवीस वर्षे आमची चूल एक आहे. लोक त्यांना माझे मित्र म्हणतात, म्हणोत बापडे. माझा संसार त्यांच्याशीच झाला. भाचा जगन याने हरकत घेऊ नये. त्याला माझी सायकल ठेवली आहे.

कलम २. रक्ताच्या नळ्या व सुया उकळायचे भांडे नर्स रतनबाईंना. १९६९ साली अशा पुरुषांची गरमीसाठी, म्हणजे उपदंशासाठी, तपासणी करू म्हटले तर आमचे डॉक्टर हसून म्हणाले होते, "पुरुषाचा पुरुषाशी संबंध? असली माणसं आपल्या डोंगरात नाहीत." अहो, मी त्यांच्यासमोरच उभा होतो! मग मी पासलीपासून कापूरहोळच्या ढाब्यांपर्यंत पायपीट करून अशा एक्केचाळीस जणांना तपासणीला रक्त द्यायला राजी केले. रतनबाईंनी नळ्या भाकरीच्या डब्यात घालून एस.टी.ने पुण्याला पोचवल्या. सोळा जणांना गरमी निघाली. पुष्कळांशी संबंध असलेल्यांना धोका होताच. पण सर्वांत जास्त भोगले ते लाजेपायी वर्षानुवर्षे रोग लपवणाऱ्यांनी. सोळाही जणांना पेनिसिलिन टोचले. १९७४ च्या फेरतपासणीत नवी लागण एकालाही नाही. त्या दिवशी मी कापूरहोळात पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला सांगितले नाही.

कलम ३. तपासणीची वही. तिच्यात माणसांच्या नावांऐवजी भाताची नावे आहेत: आंबेमोहोर, रायभोग, कोळंबा, जिरवेल. प्रत्येकाला मी एकेक वाण दिला होता. एका पुढाऱ्याने "त्यांना गावाबाहेर काढतो" म्हणून नावे मागितली, तेव्हा हीच वही पुढे केली. आठवडाभर चाळून त्याने बियाण्याची यादी समजून परत धाडली. मी आणि सावळाराम पोट धरधरून हसलो. कोणता भात म्हणजे कोण, हे फक्त मला ठाऊक. एकाचेही नाव मी फोडले नाही, याचा मला अभिमान आहे. वही माझ्या सरणावर ठेवावी.

मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व सही केली.

गेनू भिमा सोनवणे
भोर, १२ नोव्हेंबर १९७८

साक्षीदार, स्वहस्ते:

१) चिमाजी रखमाजी रेणुसे, पासली. गेनूदादा, तुमी नाव फोडलं न्हाई, आता म्याच फोडतो. आंबेमोहोर म्या हाय.

२) सोनबा बाळा खुटवड, कापूरहोळ. म्या जिरवेल. वही जाळायची न्हाई.