बर्फावरची रेघ

प्रिय एर्मेलिंदा,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. तिसरा तर तू चीजच्या पुडक्यावरच लिहून पाठवलास, ‘म्हाताऱ्या, फोटो काढतोयस की विणतोयस?’ वाचून हसलो. खरं सांगू? तू कॅमेऱ्यासमोर बसलीस त्याच दिवशी फोटो तयार झाला होता. या पाकिटात आहे. सहा दिवसांवर मृतांचा सण आलाय, गेलेल्या माणसांसाठी मांडायच्या तुझ्या टेबलावर आईचा फोटो हवाय, आणि यंदा त्या टेबलाशी मीही बसावं असं तू म्हणालीस. इतक्या वर्षांत मला असं कुणी बोलावलं नव्हतं. पण हे वाचल्यावर तू मला बसू देशील की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून आधी पत्र वाच, फोटो नंतर बघ.

तुझा तो हट्ट अजून कानात आहे. बाजारात चीज कापता कापता तू म्हणालीस, “आईचा एक फोटो उरला नाही बघ, घरासोबत सगळं गेलं. पण हल्ली आरशात बघितलं की तीच बघत असते. तिच्यासारख्या वेण्या घालते, तिच्यासारखी टोपी घालते, तू काढ माझा फोटो. टेबलावर तिचा म्हणून ठेवीन. आता मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी थोरली आहे, पण घेईल ती सांभाळून.” शेजारच्या बायका हसल्या, तूही हसलीस. चौकात लोकांचे फोटो काढण्यात माझी हयात गेली, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यात आपली आई आणून दे, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. त्यासाठी साधं भिंग चालणार नव्हतं. माझ्या ट्रंकेत एक होतं. इतकी वर्षं ते मी कुणाला दाखवलं नव्हतं.

ते विमानातलं भिंग. मी नकाशा खात्यात विमानातून फोटो काढायचो, हे तुला ठाऊक आहेच. खात्याने तो कॅमेरा मोडीत काढला तेव्हा मी भिंग मागून घेतलं. कडेला नखाएवढा टवका गेलेला, त्यावर काळी शाई फासलेली, आणि काच जुनी होऊन कोऱ्या चहासारखी पिवळी पडलेली. ‘टवका कसा गेला?’ असं तू विचारलंस, तेव्हा मी म्हणालो, उडताना खडा लागला. ते खोटं होतं. काच मी सहा आठवडे छपरावर उन्हात ठेवली, कारण अशा काचेचा पिवळेपणा उन्हानेच उतरतो. तू खालून ओरडलीस, “लोक छपरावर मका वाळवतात, हा काच वाळवतोय!” एर्मेलिंदा, माझ्या म्हातारपणातले सर्वांत सुखाचे दिवस होते ते.

गिटारी बनवणाऱ्या फॉर्तुनातोकडून मी खोकं करून घेतलं. भिंग हातात घेऊन तो म्हणाला, “हे नाकापेक्षा मोती जड झालं की! गिटारीचं लाकूड फाटेल याने.” तरी त्याने देवदाराची जाड फळी घातली आणि आतून पितळी पट्टी मारली. पुढे वेगळीच अडचण आली. हे भिंग मैलभर लांबचं बघायला केलेलं, हातभर अंतरावरचा माणूस त्याला ठाऊकच नाही. जवळचा चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून आम्हाला खोकं दुप्पट लांब करावं लागलं आणि मधे काळ्या चामड्याचा भाता घालावा लागला. तेव्हाही स्पष्ट दिसायचे ते फक्त डोळे, कान तोवर धुरकट झालेले. फॉर्तुनातो म्हणाला, “बरंय की, म्हातारपणी कानांचं काय एवढं बघायचंय?”

तू अंगणात बसलीस, आईसारखी टोपी घालून. मी तुला खुर्ची डावीकडे सरकवायला लावली. तू विचारलंस, “भिंतीचा फोटो काढायचाय की माझा?” मी प्रकाशाचं कारण सांगून वेळ मारून नेली. खरं कारण असं की टवक्यामुळे फोटोत एक काळी रेघ येते, अशी माझी चाळीस वर्षांची खात्री होती. ती रेघ भिंतीवर पडावी, तुझ्या चेहऱ्यावर नको, एवढीच माझी धडपड. भिंगावरची टोपी काढली, मनात एक आकडा मोजला, टोपी परत घातली.

फोटो धुतला. रेघ नव्हती. भिंतीवर नाही, चेहऱ्यावर नाही, कुठेच नाही. मग मी पांढऱ्या चादरीचा फोटो काढला, आभाळाचा काढला, भिंग फिरवून फिरवून नऊ फोटो काढले. शेवटी लिमात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एकाला फोन केला. तो म्हणाला, “काका, भिंगावरचा टवका रेघ होऊन कधी येत नसतो. फार तर फोटो जरा मळकट येईल. जन्मभर हाच धंदा केलात ना तुम्ही?” केला. चौकात इतरांची ओरखडलेली भिंगं मी पाहिली होती, त्यांचे स्वच्छ फोटोही पाहिले होते. तो विचार मी कधी पुरा होऊ दिला नाही. कोंबडं झाकून ठेवलं आणि उजाडलंच नाही असं स्वतःला सांगत राहिलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते सांगतो. भिंग माझ्याच हातून पडलं होतं, विमानतळावर, शिडीच्या लोखंडी पायरीवर. नोकरीला चारच महिने झाले होते, साहेब त्या भिंगाला लेकरासारखं जपायचे, आणि माझी पाचावर धारण बसली. टवक्यावर शाई फासली आणि गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्या कोचापाम्पा गावाच्या वरच्या बर्फाचे फोटो काढले. सरोवरांच्या वरच्या कड्यांवरचा बर्फ कुठे सुटतोय, कुठल्या गावाला हलवायचं, हे त्याच फोटोंवरून ठरायचं होतं. एका फोटोत बर्फावर बारीक काळी रेघ आली. मला वाटलं, माझा टवका बोलला, आता चोरी उघडी पडणार. त्याच जागेचा लगोलग घेतलेला शेजारचा फोटो समोर ठेवून ताडून पाहायचा, एवढंच काम होतं. रेघ भिंगाची असती तर त्याच कोपऱ्यात आली असती, डोंगराची असती तर डोंगराबरोबर सरकली असती. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी नाही पाहिला. निगेटिव्हवर काळी रेघ पांढरी दिसते, तिच्यावर शाईचा ब्रश फिरवून ती भरून टाकली. शेजारच्या फोटोत काही दिसलं तर तेही नको, म्हणून खराब झाला असं लिहून तो फेकून दिला. मला वाटतं, न बघताच मला ठाऊक होतं. बर्फावर ‘ठीक’ असा शेरा पडला. दोन वर्षांनी बर्फाचा कडा त्याच रेघेवर तुटून सरोवरात कोसळला आणि सरोवराचं पाणी गावावर आलं. तू चीज विकायला वाराझला आली होतीस म्हणून राहिलीस. तुझी आई सातुर्निना राहिली नाही, धाकटा भाऊ आब्सालोन राहिला नाही, दोनशे माणसं राहिली नाहीत. आम्ही उडायचो तेव्हा तुझी आई विमानाला टोपी हलवायची, असं तू मला केवढ्या कौतुकाने सांगितलं होतंस. तुझ्या घरावर येणारं मरण सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं, एर्मेलिंदा, आणि मी ते माझ्या हाताने पुसलं. क्षमा मागायला तोंड नाही. सणाच्या दिवशी मी आपणहून येणार नाही, आणि तुझा निरोप नाही आला तर का नाही, हे मला विचारावं लागणार नाही. फक्त माझ्यावरच्या रागाने फोटो फाडू नकोस. त्यात तुझी आई आली आहे.

तुझाच, असं लिहायचा हक्क तू ठेवलास तर,
तेओफिलो