समुद्रात डोंगर नसतात

२२ जानेवारी १९९९, शुक्रवार
पहिला प्रोग्राम झाला! सकाळी साडेआठ ते नऊ, मराठी गाणी आणि गप्पा, सादरकर्ता मी. चुका किरकोळ. एकदा माईक बंद ठेवून बोललो (बोललो मात्र सुरेख), एकदा चालू ठेवून खोकलो. गल्फमधला मराठी आवाज म्हणून आता माझ्याकडे बघितलं जाईल. निदान आमच्या बिल्डिंगमध्ये तरी.
संध्याकाळी रेवदंड्याला आईला फोन केला. विचारलं, ऐकू आलो का? ती जरा थांबली. मग म्हणाली, आलास की, अगदी स्पष्ट. घसा बसलाय तुझा, गरम पाणी पी.
थेट रेवदंड्यापर्यंत!

२३ जानेवारी
अन्वरला सांगितलं. हा हैदराबादचा, आमचा ट्रान्समीटर सांभाळतो. म्हणाला, मियाँ, रात को दूर जाता, दिन में नहीं. सुबह का प्रोग्राम इधर अपने फुजैराह के पहाड़ तक पहुँचा तो बहुत. मी म्हटलं, इथून रेवदंड्यापर्यंत मध्ये आहे काय? समुद्र. समुद्रात डोंगर नसतात. तो म्हणाला, यल्ला, चाय पी.
टेक्निकल माणसांना श्रद्धा नसते.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
शेजारच्या इंग्लिश स्टुडिओत ब्रेंडन म्हणून नवा मुलगा आलाय. आयरिश. तिकडे गावाकडच्या स्टेशनवर मेंढ्यांचे बाजारभाव आणि कोण वारलं ते वाचून दाखवायचा. अनुभव बेताचाच. त्याला मार्गदर्शन करायचं ठरवलंय.
तो आपला प्रत्येक प्रोग्राम कॅसेटवर भरून आईला पोस्टाने पाठवतो. मलाही एक कोरी कॅसेट देत होता. मी म्हटलं, थँक्स, पण माझी आई लाइव्ह ऐकते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. हेवा वाटणारच.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
आजपासून फोन-इन. एकच फोन आला. शारजाहून स्मिताताई. त्यांनी रिसीव्हर मुलीच्या हातात दिला. मी म्हटलं, बाळ, मराठीत एक कविता म्हण. ती म्हणाली, अंकल, कॅन आय से हाय टू माय फ्रेंड्स? आणि वर्गातल्या सगळ्यांची नावं घेतली. श्रोतृवर्ग वाढतोय.
आईला विचारलं, कुठलं गाणं आवडलं? म्हणाली, सगळीच रे. आणि तू जेवलास ना? खरा श्रोता असा असतो. निवडानिवड करत नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे आवाजाचा रियाज.

२८ फेब्रुवारी
रियाज पुढे ढकलला. वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार. (केला एकदाच होता.)

१२ मार्च, शुक्रवार
शेजारच्या देशाचे राज्यकर्ते वारले. इकडेही दुखवटा. अशा वेळी इथे गाणी बंद होतात, सगळ्या स्टेशनांवर फक्त कुराणपठण. मी स्टुडिओत जाऊन बसलो, अन्वरने चहा पाजला, परत आलो. अख्खा आठवडा तयारी केली होती. आईवरच बोलणार होतो आज, तिच्या आवाजातल्या भूपाळ्यांवर.
संध्याकाळी आईला फोन लावला. प्रोग्राम झालाच नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, आज किती छान झाला रे! हसून हसून पुरेवाट. शेजारच्या सुजाताकाकूंनापण बोलावलं होतं ऐकायला.
मी म्हटलं, हो का.

१३ मार्च
चुकून मागच्या आठवड्याचा लागला असेल. अशा चुका होतात. अन्वरला विचारायचं.

१९ मार्च, शुक्रवार
अन्वरला विचारलं नाही. कामात असतो बिचारा.
प्रोग्राम बरा झाला. आईवर बोलायचं राहून गेलं. संध्याकाळी आई म्हणाली, स्पष्ट ऐकू आलं.

२ एप्रिल, शुक्रवार
मॅनेजरने बोलावलं. मला वाटलं, एक तासाचा करतायत. म्हणाला, हबीबी, तुझ्या लोणचीवाल्याने जाहिरात काढून घेतली, तुझा स्लॉट खलास. पुन्हा कधी? इन्शाल्ला.
ब्रेंडनला दुबईच्या मोठ्या स्टेशनने उचललंय. (मार्गदर्शन करायचं राहिलं.) निघताना परत ती कोरी कॅसेट घेऊन आला. म्हणाला, तू इथून जाण्याआधी स्टुडिओत बसून काहीतरी भर, आईला पाठव. मी म्हटलं, भरायला काय, पुढच्या सीझनला लाइव्हच ऐकेल. कॅसेट घेतली मात्र. मन मोडवेना.

९ एप्रिल, शुक्रवार
आईला खरं सांगायचंच, असं ठरवून फोन केला. उचलल्या उचलल्या ती म्हणाली, आजचा तर फारच रंगला हो. मी विचारलं, खरंच? ती म्हणाली, मग! आईला खोटं बोलता येतं का?
मी म्हटलं, नाही.
आता कशाला सांगायचं. नवा स्लॉट मिळेपर्यंत एवढ्यातेवढ्यावरून तिला त्रास नको.

७ मे, शुक्रवार
हमरिया फ्री झोनमध्ये नोकरी. टाइल्सचं गोडाऊन. तात्पुरती. पण माईक आहे! कुठल्या गेटला कुठला ट्रक लावायचा, ते लाउडस्पीकरवर मी सांगतो. ब्रॉडकास्टिंग सुटलेलं नाही. श्रोते तर आधीपेक्षा जास्तच, आणि ऐकावंच लागतं त्यांना. शुक्रवारीही ड्यूटी.
आई म्हणाली, आज गाणी जुनी लावलीस, बरं केलंस.

४ जून, शुक्रवार
सकाळी ट्रक उशिरा येणार होते म्हणून बूथवरून लगेच फोन केला. आईशी खूप गप्पा झाल्या. सुजाताकाकूंचा गुडघा, आंब्यांचा शेवट, माझं लग्न. इतक्या मोकळ्या गप्पा कितीतरी दिवसांनी झाल्या.
ठेवल्यावर घड्याळ बघितलं. पावणेनऊ. म्हणजे ऐन माझ्या प्रोग्रामची वेळ.
ती एकदाही म्हणाली नाही की आत्ता तर तू रेडिओवर असायला हवास.
इकडच्या तिकडच्या वेळेत दीड तासाचा फरक. तिचा नेहमी गोंधळ होतो त्यात.
होतो का?

११ जून, शुक्रवार
आज सांगायचं म्हणजे सांगायचं. वाक्यं पाठ करून बूथमध्ये गेलो.
पण आईच म्हणाली, शैलू, आधी माझं ऐक. रागावू नकोस. माझे कान गेले रे आता. रेडिओतलं काही कळत नाही. तुझा प्रोग्राम काही माझ्याच्याने ऐकायचा नाही यापुढे. तेव्हा तू आपला विचारत जाऊ नकोस हो.
बिचारी. अचानक हे असं. डॉक्टरला दाखवायला हवं.
बूथच्या मागे ट्रक रिव्हर्स घेत होता, त्यात कुणीतरी ओरडत होतं. मी अगदी हळू म्हटलं, बरं. ती लगेच म्हणाली, रडतोस की काय?
म्हटलं, नाही, घसा बसलाय.
म्हणाली, गरम पाणी पी. आणि हो, सुरुवात कशी करतोस रे तू? फोनवरच म्हणून दाखव. मला एकदा तरी... मग म्हणाली, मला परत एकदा ऐकू दे.
म्हटलं, नमस्कार मंडळी, मी शैलेंद्र. बाहेरच्या ड्रायव्हरने काचेवर टकटक केलं, भाई, खलास करो. मी हाताने थांब म्हटलं. आज आपण एका भूपाळी म्हणणाऱ्या बाईंबद्दल बोलणार आहोत, म्हटलं. सगळं बोललो. लावायला गाणं नव्हतं, म्हणून स्वतःच दोन ओळी म्हटल्या. घसा खरंच बसला होता.
फोनचं कार्ड मधेच कधीतरी संपलं होतं. कुठल्या वाक्याला, ते कळलं नाही.
समारोप पूर्ण केला.