शेवग्याच्या पाल्याची बरणी

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या सुलभाताईंनी कुंड्यांना घालायला शेवग्याचा पाला आंबवला, तोही माझ्याच झाडाचा. पपईच्या सालीतल्या विकरांनी, म्हणजे एन्झाइम्सनी, पानातलं सत्त्व मोकळं होतं, हेसुद्धा पुस्तकात वाचून मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांचा अर्क छान उतरला. माझी बरणी आज फुटली. झाकण घट्ट राहिलं, आत गॅस कोंडला.

“अहो, झाकण रोज सैल करायचं! मला कुठलं आठवतंय, आमचे हेच करतात,” त्या हसत म्हणाल्या.

अर्काचा हेवा वाटला का? छे, इथे तरी खोटं कशाला लिहू. हेवा झाकणाचा वाटला. हे गेल्यापासून माझ्या घरातलं एकही झाकण दुसऱ्या कुणी उघडलेलं नाही.

उद्या त्या पुन्हा पाला मागतील. देणार नाही. झाड यांनी लावलंय.